जिन्यातलं स्टूल

माझ्या आत्यानं माझ्या बाबांना माफ केलं नाही, आणि बरं केलं. पोटच्या पोरीनं असं बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यांना माफीची एवढी हौस आहे त्यांनी आधी आमच्या क्वार्टर्समधल्या मागच्या खोलीत खिडकी उघडून एक सकाळ काढावी, आणि मग यावं माझ्याशी वाद घालायला.

आत्या म्हणजे बाबांची सख्खी धाकटी बहीण. सिटी बसवर कंडक्टर. डेपोत तिला सगळे डबलबेल म्हणतात. दोन टोले देऊन तिनं एकदा गाडी सोडली की मागून कोणी कितीही बोंबलत धावत येवो, गाडी थांबायची नाही. घरातही तीच तऱ्हा. तिचं बोलून झालं की समोर असेल त्यावर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक करणार. मग ते टेबल असो, दार असो, नाहीतर माझं डोकं असो. झालं, विषय संपला, गाडी पुढे. उंचीनं बेताची, पण आवाज ड्रायव्हरच्या सीटपासून मागच्या दारापर्यंत. एकदा गर्दीचा फायदा घेऊन एका मुलीला खेटणाऱ्या माणसाला तिनं त्याच्या स्टॉपवर उतरूच दिलं नाही. पार शेवटच्या स्टॉपपर्यंत नेला, आणि वाटेत प्रत्येक चढणाऱ्याला त्याची ओळख करून दिली. डूख धरण्यात ती पहिल्यापासून तयार होती. पण तेव्हा ते असल्या किरकोळ कामांवर भागायचं.

बाबा त्याच डेपोत यार्ड सुपरवायझर. आधी मेकॅनिक होते, खड्ड्यात उतरून गाड्यांच्या पोटाखाली उभं राहायचे. मग चढत चढत यार्डाच्या वरच्या काचेच्या केबिनमध्ये पोचले. पण केबिनमध्ये गप्प बसतील तर ते बाबा कसले? खिडकी सताड उघडी टाकून दिवसभर खाली ओरडायचे. खालच्या माणसांना त्यांचा आवाज आणि वर त्यांना खालचा धूर, अशी देवाणघेवाण चालायची. आणि माणूस एकदम निर्व्यसनी. विडी नाही, सिगारेट नाही, तंबाखूची चिमूट नाही. याचा त्यांना इतका गर्व की डिझेलच्या टाकीजवळ कोणी विडी ओढताना सापडला की त्याला सगळ्यांसमोर उभा करून सोलायचे. 'आमच्याकडे बघा,' हे त्यांचं आवडतं वाक्य. आम्ही लहानपणापासून बघतच आलो.

आतोबा, म्हणजे आत्याचा नवरा, यार्डाच्या मागच्या भिंतीला लागून गाड्या धुवायचे. गरीब स्वभावाचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. हातात पाण्याचा पाइप आणि तोंडात शीळ. गाणं कुठलं ते कधीच ओळखू यायचं नाही, पण आतोबा कुठे आहेत ते अख्ख्या यार्डाला कळायचं. आत्यासारख्या फटाक्याशी त्यांचं कसं जमलं, असं कोणी विचारलं की म्हणायचे, 'मी पाणी मारतो ना, म्हणून.'

आता गाड्या कशा उभ्या राहायच्या ते सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे. संध्याकाळी प्रत्येक गाडी रिव्हर्समध्ये लावायची. तोंड फाटकाकडे, शेपूट मागच्या भिंतीकडे. म्हणजे सकाळी गाडी सुरू केली की सरळ बाहेर, कोणाची कोणाला आडकाठी नाही. ही शिस्त बाबांची, आणि दिसायला झकास. पण बस म्हणजे काही स्कूटर नव्हे. सुरू केल्याकेल्या निघता येत नाही, ब्रेकला हवा भरेपर्यंत इंजिन चालू ठेवून उभी करावी लागते. रोज सकाळी सगळ्या गाड्या एकदम घुरघुरायला लागायच्या आणि सगळ्यांच्या शेपट्यांचा धूर भिंतीवर. भिंतीला लागून धुण्याचा ओटा, तिथे आतोबा. भिंतीपलीकडे क्वार्टर्सच्या मागच्या खिडक्या, तिथे आम्ही. आमच्याकडे वाळत घातलेलं पांढरं फडकं दुपारपर्यंत पोतेरं व्हायचं.

आतोबांनी एकदा हात जोडून बाबांना म्हटलं होतं, 'साहेब, निम्म्या तरी गाड्या उलट्या लावा. निदान जुन्या तरी. डोळे चुरचुरतात, छाती भरून येते.'

बाबा वरून म्हणाले, 'दाजी, तुमच्या नाकासाठी मी काय आता डेपो उलटा फिरवू?'

सगळे हसले. आतोबाही हसले. तसा तो माणूस कशालाही हसायचा.

मग त्यांची शीळ बंद झाली. आधी खोकला आला, मग खोकल्याबरोबर धाप. आम्ही आणि आत्या दुसऱ्या मजल्यावर शेजारी शेजारी राहतो, मध्ये एकच भिंत. आतोबांना जिना एका दमात चढवेना. तेव्हा आत्यानं जिन्याच्या वळणावर एक लाकडी स्टूल आणून ठेवलं. कामावरून आले की आतोबा त्या स्टुलावर टेकायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर ओढलेले. एकेक श्वास विहिरीतून बादली ओढावी तसा वर यायचा. बाबा त्यांच्या बाजूनं चढून जाताना म्हणायचे, 'काय दाजी, पहारा बसवलाय का?'

मी हे माझ्या कानांनी ऐकलंय. आईनं त्यांना घरात आल्यावर म्हटलंही, 'अहो, निदान आजारी माणसाची तरी चेष्टा करू नका.' त्यावर बाबा म्हणाले, 'अगं, माणूस बसून राहिला की आजारीच पडतो.'

आतोबा गेले. त्यांच्या मागे डेपोच्या ऑफिसात एक चौकशी बसली. यार्डातल्या कामामुळे हे झालं का, एवढंच ठरवायचं होतं. ऑफिसनं साक्षीला कोणाला बोलवावं? जो यार्डाचा सुपरवायझर आणि मयताच्या बायकोचा सख्खा भाऊ, त्यालाच. घरचा माणूस खोटं कशाला सांगेल!

घरच्या माणसानं सांगितलं, 'चोरून विडी ओढायचा. मी स्वतः पाहिलंय.'

आत्या दाराबाहेर बाकावर बसली होती. ती उठून सरळ आत गेली. म्हणाली, 'दादा, परत सांग.'

बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले, 'जे खरं ते सांगितलं. तू बाहेर बस.'

बाबांनी असं का केलं हे डेपोतल्या मांजरालाही माहीत होतं. धुरानं माणूस गेला म्हटलं तर गाड्या तशा कोणी लावायला सांगितल्या, हा प्रश्न आला असता. विडीनं गेला म्हटलं की प्रश्नच संपला. त्या दिवसापासून ड्रायव्हर, मेकॅनिक, शेजारीपाजारी सगळे हळहळून म्हणायचे, 'विडीनं गेला हो बिचारा.' आत्याच्या तोंडावर म्हणायचे. एकदा ती माझ्याकडे येऊन बसली आणि म्हणाली, 'मेलेल्या माणसाच्या तोंडात विडी खुपसली गं माझ्या भावानं. आता ती मी काढू कशी?'

त्यानंतर तिनं दादा हा शब्द टाकून दिला. माझ्याशी बोलताना 'तुझा बाप' म्हणायची, आईशी बोलताना 'तुमचा माणूस'. बाबांशी तर एक अक्षर नाही. आणि मला एकदा स्वच्छ सांगून ठेवलं, 'त्याच यार्डात, सगळ्यांसमोर, त्याच्याच तोंडून वदवून घेणार आहे की माझा नवरा विडीनं नाही, धुरानं गेला. त्याआधी मी मरायची नाही, काळजी करू नकोस.' आणि माझ्या डोक्यावर टकटक, दोनदा.

जिन्यातलं स्टूल तिनं हलवलं नाही. रोज पुसायची, कोणाला टेकू द्यायची नाही. क्वार्टर्समधल्या बायका म्हणायच्या, 'केवढा जीव होता नवऱ्यावर.' होताच.

वर्षं गेली. मी डेपोच्याच पास-खिडकीत चिकटले. आणि एक दिवस माझ्या खिडकीसमोरच एक टेबल लागलं. आरोग्य खात्याकडून एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, जाड चष्मा, केस घट्ट बांधलेले, आवाज शाळेच्या मुख्याध्यापिकेचा. बसच्या धुरानं माणसांचं नेमकं काय होतं ते बघायला आल्या होत्या. ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक, क्वार्टर्समधली माणसं, सगळ्यांना तपासायचं. काही जणांच्या पाठीला एक छोटा पंप बांधून देणार, त्याची नळी कॉलरला. दिवसभर तुम्ही जी हवा घेता तीच तो पंप ओढणार आणि आतला पांढरा कागद जेवढा काळा होईल तेवढा तुमचा धूर. आणि प्रत्येकानं एका नळीत जोर लावून फुंकायचं, की फुप्फुसात दम किती उरलाय ते यंत्र सांगणार.

आत्यानं सगळ्यात आधी हात वर केला.

पण बाबा काय कच्चे होते? ज्या दिवशी पंप वाटले, त्या दिवशी सगळ्या जुन्या, भकाभका धूर ओकणाऱ्या गाड्या दुरुस्तीच्या नावाखाली दुसऱ्या डेपोला रवाना. बाकीच्या एकेक करून बाहेरच्या रस्त्यावर नेऊन सुरू करायच्या. मागची भिंत मी इतकी स्वच्छ कधी बघितली नव्हती. मी बाबांना म्हटलंसुद्धा, 'काय हो, आज डेपोत कोणाला बघायला पाहुणे येणार आहेत का?' त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीची काच ओढून घेतली.

आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पाठीवर पंप आणि डेपोत धूरच नाही! इतकी वर्षं वाट बघितली ती काय ह्यासाठी? आणि मग तिनं जे केलं ते फक्त तीच करू जाणे. शेवटच्या स्टॉपवर गाडी थांबली की ड्रायव्हर चहाला जातो. त्याला तिनं सांगितलं, इंजिन चालूच ठेव. मागे गेली, कॉलरची नळी काढली आणि धरली थेट गाडीच्या शेपटीला. प्रत्येक फेरीला. तिचा हिशोब सरळ होता. धूर तोच, गाडी तीच, माझ्या नवऱ्यानं खाल्ला तोही हाच. मग थोडा वाढून घेतला तर पाप कसलं?

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी कागद काढला तर तो तव्याच्या बुडासारखा. त्यांनी कागदाकडे बघितलं, मग आत्याच्या उजव्या बाहीकडे. बाही कोपरापर्यंत काळी.

'हे कुठे धरलं होतंत?' त्यांनी विचारलं.

'कॉलरलाच,' आत्या म्हणाली.

'बाई, एवढा धूर खरंच घेतला असतात ना, तर आत्ता माझ्यासमोर उभ्या नसतात. मी इथं हवा मोजायला आलेय. तुमचा राग मोजायला माझ्याकडे यंत्र नाही.' आणि तो कागद त्यांनी बाजूला टाकला. मग म्हणाल्या, 'तुम्ही एकटीनं हे केलंत, पण आता मला इथल्या प्रत्येक कंडक्टरच्या कागदावर शंका घ्यावी लागेल. कोणाचं नुकसान केलंत कळतंय का?'

आत्यानं काळी बाही कोपराच्या वर दुमडली आणि पाठ फिरवून निघून गेली. तिचं बोलणं टकटकीशिवाय संपलेलं मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

बाबांच्या हातात आयतं कोलीत मिळालं. केबिनच्या खिडकीतून ओरडून ओरडून सांगायला लागले, 'बघा, बघा! धूर नाही म्हणून नळ्या शेपटीत खुपसतायत! खोटारड्यांची तपासणी आहे ही!' कंडक्टर लोक आत्यावर चिडले. डबलबेलनं सगळ्यांची गाडी खड्ड्यात घातली, म्हणाले.

त्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेले ती भांडायलाच. 'अक्कल गहाण टाकली होतीस का? जरा दम धरला असतास तर काय बिघडत होतं?' ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. ताटातलं अन्न तसंच. मी आणखी बोलणार होते, तेवढ्यात तिनं बोट वर केलं.

'ऐक.'

भिंतीपलीकडून बाबांचा खोकला येत होता. दोन आखूड, मग एक लांब ओढ, मग शेवटी बारीक शिट्टीसारखा आवाज.

'कधीपासून आहे?' तिनं विचारलं.

'झालं असेल वर्ष. घसा बसलाय म्हणतात. सकाळी गुळण्या करतात. डॉक्टरांना दाखवा म्हटलं तर माझ्याच अंगावर आले.'

'घसा!' आत्या म्हणाली आणि हसली. 'अगं, ह्या खोकल्याशेजारी मी झोपलेय. मला शिकवू नकोस.'

ते हसू मला आवडलं नाही. माझा बाप आहे तो, वाटेल तसा असला तरी. पण आत्या उठली, तोंडावर पाणी मारलं आणि थंड झालेलं सगळं जेवण जेवली.

दुसऱ्या दिवशी फुंकायची रांग लागली होती. मेकॅनिक, धुणारे, ड्रायव्हर, सगळे. आत्या मध्येच कुठेतरी. प्रत्येकाला आधी प्रश्न : विडी-सिगारेट ओढता का? आणि नुसतं 'नाही' म्हणून भागायचं नाही. डॉक्टरीणबाईंचा नियम कडक होता. साक्षीला एक जुनं ओळखीचं माणूस हवं. बायको चालणार नाही, मुलं चालणार नाहीत, कारण ती सांभाळून घेतात. साक्ष नसेल तर 'ओढत असावा' असं धरणार. रांगेतल्या लोकांना हा खेळच झाला होता, एकमेकांची बिंगं फोडत होते.

बाबा खाली उतरून आले. मजा बघायला. टेबलाजवळ उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, 'डॉक्टरीणबाई, कशाला वेळ घालवता? मी आधी खड्ड्यात होतो, आता वर आहे. सगळी हयात ह्याच यार्डात गेली. मला काय झालंय? आमच्याकडे बघा!'

रांगेतून आवाज आला, 'मग फुंक की.'

इतक्या वर्षांनी आत्या त्यांच्याशी बोलली होती. बाबाही क्षणभर बावरले. मग सगळ्यांकडे बघून त्यांना मागे सरता येईना.

'फुंकतो,' ते म्हणाले. 'भितो की काय कोणाच्या बापाला!'

खुर्चीवर बसले. नाकाला चिमटा लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'छाती भरून श्वास घ्या, आणि मग एका दमात सगळा बाहेर. फुंका, फुंका, आणखी, आणखी...' बाबांचा चेहरा लाल झाला. पडद्यावरची रेघ जराशी वर गेली आणि तिथेच रखडली. आधीच्या धुणाऱ्याची रेघ पडद्याभर गेली होती. बाबा खोकत सुटले. 'नळी बरोबर लागली नाही,' म्हणाले. परत फुंकलं. परत तेच. मग बाईंनी औषधाचा फवारा घ्यायला लावला, थोडा वेळ थांबवलं आणि परत फुंकायला लावलं. रेघ काही हलेना. मी काचेआडून बघत होते.

डॉक्टरीणबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. तो मऊ आवाज ऐकूनच मला कळलं. त्यांनी विचारलं, 'किती वर्षं ओढताय?'

'काय?'

'सिगारेट की विडी?'

'मी?' बाबा उठूनच उभे राहिले. 'मी आयुष्यात हात नाही लावला! विचारा कोणालाही!'

'सगळे असंच म्हणतात,' बाई म्हणाल्या. 'ही फुप्फुसं जन्मभर ओढणाऱ्याची दिसतायत. साक्षीला कोण आहे?'

मी खिडकीतून ओरडले, 'मी सांगते! मी मुलगी आहे त्यांची!' बाईंनी मान हलवली. मुलगी चालत नाही.

बाबांनी रांगेकडे बघितलं. त्या रांगेत ती माणसं होती ज्यांना त्यांनी विडीवरून सगळ्यांसमोर सोललं होतं. आतोबांबरोबर पाइप धरलेली माणसं होती. सगळ्यांना ठाऊक होतं की हा माणूस विडी ओढत नाही. कोणी आभाळाकडे बघायला लागला, कोणी चपलेकडे. एकानंही तोंड उघडलं नाही.

'लहानपणापासून ओळखणारं इथे कोणीच नाही?' बाईंनी विचारलं.

आत्या रांगेतून पुढे आली. 'मी आहे. सख्खी बहीण. बहीण चालते ना?'

'चालते.'

'मग लिहा,' आत्या म्हणाली. 'चोरून ओढत असेल.'

रांगेच्या शेवटी कोणीतरी 'अरे बाप रे' म्हणालं. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते तिच्याकडे बघत राहिले. त्यांना ते वाक्य ओळखू आलं होतं. त्या चौकशीतल्या खोलीतून ते वाक्य इतकी वर्षं चालत आलं होतं आणि आता त्यांच्याच पुढ्यात उभं होतं.

'अगं, असं नको करू,' ते म्हणाले. त्यांना धाप लागली होती. 'तुला माहीत आहे. तू तरी खरं सांग.'

'सांगते की,' आत्या म्हणाली. 'पण आधी माझ्या नवऱ्याचं सांग. तू मोठा आहेस, पहिला मान तुझा.'

बाबा पुटपुटले.

'मोठ्यानं. धुणाऱ्यांना ऐकू गेलं नाही. एरवी तर वरून ओरडतोस ना?'

'दाजींनी विडी ओढली नाही,' बाबा म्हणाले. 'कधीच नाही. मी खोटं सांगितलं होतं.'

'का सांगितलंस?'

बाबांनी मागच्या भिंतीकडे बघितलं. 'गाड्या मी तशा लावल्या होत्या म्हणून.'

'मग कशानं गेला माझा नवरा?'

'धुरानं.'

आतोबांचा जुना जोडीदार डोक्यावरची टोपी काढून उभा होता. मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. एका वेळी दोन्ही होतं माणसाला.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. काय चाललंय ते त्यांना कळलं असावं. 'आता यांचं काय ते नक्की सांगा,' त्या आत्याला म्हणाल्या. 'मी एकदा लिहिलं की खोडणार नाही.'

आत्या बाबांकडे बघत राहिली. मला वाटलं आता ही 'हो' म्हणते, ओढायचा म्हणते आणि सूड पुरा करते. म्हणाली असती तर मी तिला दोष दिला नसता. बाबांनाही तेच वाटलं असणार, त्यांनी डोळे मिटले होते.

'नाही ओढली,' आत्या म्हणाली. 'आयुष्यात एक झुरका नाही. नीट लिहा डॉक्टरीणबाई. कालचा माझा कागद खोटा होता, हा माणूस खरा आहे. माझा पंप एक दिवस चालला, ह्यानं वर्षानुवर्षं ही हवा ओढलीय. ह्याच्या छातीत जे काही आहे ते सगळं ह्या डेपोचंच आहे. त्यातला एक कण विडीच्या नावावर जाऊ देऊ नका.'

आणि टेबलावर टकटक, दोनदा.

बाबांनी तिचा हात धरायला हात पुढे केला. तिनं आपला हात मागे घेतला. 'तुझ्यासाठी नाही सांगितलं,' म्हणाली. 'तू विडीवाला निघाला असतास तर धूर परत सुटला असता. तुला नाही सोडायचं आणि धुरालाही नाही.' मग तिकिटांचं मशीन खांद्याला अडकवून ड्युटीवर निघून गेली.

डॉक्टरीणबाईंचा अहवाल आला. त्यात नावं नव्हती, पण 'कधीही धूम्रपान न केलेला, सर्व नोकरी यार्डात' असं ज्याच्याबद्दल लिहिलं होतं तो कोण हे डेपोत सगळ्यांना माहीत होतं. जुन्या गाड्या मोडीत निघाल्या. बाकीच्या आता तोंड भिंतीकडे करून लावतात. सकाळी काढताना कटकट होते, ड्रायव्हर शिव्या देतात, पण लावतात. आतोबांच्या जुन्या चौकशीवर ऑफिसनं दुरुस्ती केली आणि धुण्याच्या ओट्यावर सगळ्यांना ती वाचून दाखवली. आत्यानं ती परत एकदा वाचायला लावली.

आणि बाबांनी केबिन सोडली. घरी बसले. औषधं चालू आहेत, फवारा खिशात असतो. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा.

परवा त्यांना दवाखान्यातून घेऊन येत होते. माझ्या हातात पिशवी, त्यांचा हात कठड्यावर. पहिला मजला कसाबसा झाला. वळणावर आले आणि थांबले. एक पाऊल पुढे टाकवेना. भिंतीला हात लावून उभे राहिले, खांदे वर ओढलेले, छातीतून ती शिट्टी. समोर स्टूल होतं, रोजच्यासारखं पुसलेलं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि मान फिरवली. मी म्हटलं, 'बसा ना बाबा.' त्यांनी नकारार्थी हात हलवला.

वर आत्याचं दार उघडलं. शिट्टी तिनं ऐकली असणार. ती दोन पायऱ्या खाली आली, कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

'टेक, दादा,' ती म्हणाली. 'तुझ्यासाठीच ठेवलंय ते. इतकी वर्षं.'

बाबा टेकले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून खाली बघत राहिले. आत्या वर गेली आणि तिनं दार लावून घेतलं.